संगीत ॲपवरचे उत्पन्न आणि सांगली जिल्ह्यातले कलावंत : पैसा नेमका कुठे अडतो?

वारणाकाठ :

नमस्कार. मी वाळवा तालुक्यात राहतो आणि भजनी मंडळांना व लोकगीतांच्या कार्यक्रमांना पेटीची साथ करतो. आपल्या भागातल्या गायकांची गाणी आज जत्रेत, वरातीत, ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर, रसवंतीगृहात, सगळीकडे वाजतात. तरीही त्या गायकाला विचारले, तर ध्वनिमुद्रणाच्या दिवशी हातात पडलेल्या पाकिटापलीकडे त्या गाण्याने त्याला काहीही दिलेले नसते. याचे खापर सहसा ॲपवर फोडले जाते. ॲपच्या वाटपात खोट आहेच आणि ती मी आधी मांडतो. परंतु आपल्याकडच्या कलावंताचा मोठा पैसा ॲपमधून बाहेर पडल्यानंतर अडतो, असे माझे ठाम मत आहे आणि त्यावर येथे सविस्तर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

पुष्कळांची समजूत अशी असते की गाणे एकदा वाजले की ठरावीक पैसे गायकाच्या नावावर जमा होतात. स्पॉटिफायसारख्या सेवेत असा ठरावीक दर नसतो. महिनाभरात वर्गणी आणि जाहिराती यांतून जे उत्पन्न येते, त्याचा साधारण दोन-तृतीयांश भाग हक्कधारकांसाठी बाजूला काढला जातो आणि त्या महिन्यात एकूण जितक्या वेळा गाणी ऐकली गेली, त्यात कोणाच्या गाण्याचा वाटा किती, या प्रमाणात तो वाटला जातो. समजा, एका सेवेचे दोनच वर्गणीदार आहेत आणि दोघेही १०० रुपये भरतात. पहिल्या वर्गणीदाराने महिनाभरात आपल्या गावच्या बुवांचे भजन १० वेळा ऐकले आणि दुसरे काहीच ऐकले नाही. दुसऱ्याच्या दुकानात दिवसभर चित्रपटगीते चालू असतात, त्याने ९९० वेळा गाणी ऐकली. सेवेने आपला भाग ठेवून १४० रुपये वाटायला काढले, तर बुवांच्या वाट्याला त्यातला शंभरावा भाग, म्हणजे १ रुपया ४० पैसे येतात. पहिल्या वर्गणीदाराचे पैसे फक्त त्याने ऐकलेल्या गाण्याला द्यायचे ठरवले असते, तर हाच आकडा ७० रुपये झाला असता. म्हणजे भजन ऐकणाऱ्या माणसाचे बहुतेक सगळे पैसे त्याने कधीही न ऐकलेल्या चित्रपटगीतांना गेले.

त्यातच २०२४ पासून स्पॉटिफायने असा नियम केला आहे की मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकले गेलेले ध्वनिमुद्रण पैशांच्या हिशेबात धरायचे नाही. त्याच्या वाट्याची रक्कम इतर पात्र गाण्यांमध्ये वाटली जाते. एका गाण्यापुरती ही रक्कम अगदी क्षुल्लक असते, हे मान्य आहे. परंतु एखाद्या भजनी मंडळाची चाळीस-पन्नास ध्वनिमुद्रणे असतील आणि प्रत्येक गाणे थोडे थोडे ऐकले जात असेल, तर त्या मंडळाला सगळ्याच गाण्यांवर पाणी सोडावे लागते. वाटपाची पद्धत बदलता येते, हेही दिसून आले आहे. साउंडक्लाउड या संगीत सेवेने २०२१ मध्ये स्वतंत्र कलावंतांसाठी श्रोत्याचे पैसे त्याने ऐकलेल्या कलावंतालाच देणारी पद्धत सुरू केली. डीझर या दुसऱ्या सेवेने २०२३ मध्ये युनिव्हर्सल या संगीत कंपनीबरोबर फ्रान्समध्ये वेगळी पद्धत आणली. तीत महिन्याला किमान ५०० वेगवेगळ्या श्रोत्यांनी मिळून किमान १,००० वेळा ऐकलेल्या कलावंताच्या गाण्याला दुप्पट वजन दिले जाते.

आता दुसऱ्या गळतीकडे येतो. समजा, उद्या सगळ्या ॲपनी सर्वांत न्याय्य पद्धत स्वीकारली आणि बुवांच्या भजनाचे ७० रुपये खरोखरच निघाले. ते जातील कोणाकडे? ज्याच्या नावावर ते ध्वनिमुद्रण चढवलेले आहे त्याच्याकडे, म्हणजे चॅनेल चालवणाऱ्याकडे किंवा पूर्वी कॅसेट काढणाऱ्या कंपनीकडे. बुवांनी शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर एकरकमी मानधन घेऊन सर्व हक्क कायमचे सोडून दिलेले असतात आणि त्या कागदाची प्रतदेखील बहुधा त्यांच्या घरी नसते. गीतकार म्हणून कोणाचे नाव लागले, संगीतकार म्हणून कोणाचे लागले, हे त्यांना ठाऊक नसते. ढोलकी, हलगी, टाळ आणि कोरस यांची नावे तर कोठेच नसतात.

आपल्याकडे ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला काट्यावर वजनाची पावती मिळते, रास्त आणि किफायतशीर दर केंद्र सरकार जाहीर करते आणि ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. त्यासाठीही आपल्या जिल्ह्यात आंदोलने करावी लागतात, परंतु हातात पावती असल्यामुळे शेतकऱ्याला भांडता तरी येते. गायकाकडे भांडण्यापुरतीही पावती नसते. म्हणूनच दर वाढवण्याच्या मागणीपेक्षा, गाण्यावर कोणाकोणाचे नाव आहे आणि त्या गाण्याने किती कमावले याचा लेखी हिशेब मिळणे, ही मागणी आपण आधी करावी असे मला वाटते.

हा प्रश्न जुना आहे. ज्यांचे बालपण याच सांगलीत गेले, त्या लता मंगेशकर यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रपटगीतांवर गायकांना रॉयल्टी मिळावी अशी भूमिका घेतली. मोहम्मद रफी यांचे मत मानधन मिळाले की गायकाचा संबंध संपला असे होते, आणि त्या मतभेदामुळे काही वर्षे दोघांनी एकत्र गाणे थांबवले होते. एवढ्या मोठ्या गायिकेला जे भांडून मिळवावे लागले, ते आष्ट्याच्या किंवा जतच्या गायकाला आपोआप मिळणार नाही.

तंतुवाद्य :

वारणाकाठ, आपण प्रश्न नेमका मांडला आहे. मिरजेतल्या वाद्यनिर्मितीशी संबंधित घरातली मी आहे आणि घरात शास्त्रीय संगीताचा वावर असल्यामुळे त्या बाजूने एक मुद्दा जोडते.

गाणे ३० सेकंद ऐकले गेले की स्पॉटिफाय ते एकदा ऐकले असे धरते. त्यानंतर ते तीन मिनिटांचे असो वा पन्नास मिनिटांचे, मोजणी एकच. विलंबित ख्याल मांडायला चाळीस मिनिटे घेणाऱ्या गायकाचे आणि अडीच मिनिटांच्या गाण्याचे वजन सारखे होते. श्रोत्याने त्या ख्यालासाठी जेवढा वेळ दिला, तेवढ्या वेळात दुसऱ्याची सोळा गाणी मोजली जातात. याचा परिणाम कलेवरही होऊ लागला आहे. ओळखीतल्या एका तरुण गायकाला ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी रागाचे आलाप, बंदिश आणि तराणा असे वेगवेगळे तुकडे करून चढवण्याचा आग्रह केला. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत, म्हणून किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांना तेवढ्यात राग उभा करावा लागला; ती त्या यंत्राची मर्यादा होती. आज जागेची कोणतीही मर्यादा नसताना केवळ मोजणीच्या नियमामुळे कलावंताने राग तोडावा, हे मला अत्यंत अन्यायाचे वाटते. ऐकलेल्या मिनिटांवर वाटप करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, कारण कोणी किती मिनिटे काय ऐकले याची नोंद या सेवांकडे असतेच.

खाँसाहेब मिरजेतच स्थायिक झाले, दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी उरुसात संगीत सभा भरते. त्यांच्या १९३७ पर्यंतच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क मुदत संपून सर्वांसाठी खुले झाले आहेत, त्यामुळे ती कोणीही चढवू शकतो आणि चढवणाऱ्याला उत्पन्नही मिळते. यात बेकायदा काही नाही. परंतु साथीला सारंगीवर आणि तबल्यावर कोण आहे, एवढे लिहिण्याची तसदी बहुतेक जण घेत नाहीत.

विषयाला लागून असलेली आणखी एक गोष्ट नोंदवते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हाला अभिमान आहे. मात्र ते मानांकन नावाला संरक्षण देते, आवाजाला नाही. मिरजेत जवारी लावलेल्या, म्हणजे तारांचा झंकार जुळवलेल्या तंबोऱ्याचा आवाज मुद्रित करून तंबोऱ्याचे ॲप विकले, तर कारागिराचा त्यात कोणताही कायदेशीर वाटा नसतो.

विटा_स्टुडिओ :

मी गाणी ध्वनिमुद्रित करून स्वतःच्या चॅनेलवर प्रसिद्ध करतो, म्हणजे वारणाकाठ यांच्या मांडणीत पैसा ज्या ठिकाणी अडतो, त्या ठिकाणी मी उभा आहे. त्यामुळे आमची बाजू येथे यायला हवी.

एका गाण्यासाठी स्टुडिओ, संगीत संयोजन, वादक, मिक्सिंग, कॅमेरा, संकलन असा सगळा खर्च आधी करावा लागतो. यूट्यूबवर जाहिरातींचे उत्पन्न सुरू होण्यासाठी चॅनेलला १,००० सदस्य आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहिले जाण्याची अट आहे. ती पूर्ण होईपर्यंत पदरचे पैसे घालावे लागतात. त्यानंतर मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरात-उत्पन्नाचा ५५ टक्के भाग चॅनेलला मिळतो. दहा गाण्यांपैकी बहुतेक गाणी खर्चही भरून काढत नाहीत, एखादे चालते आणि त्यावर बाकीची तरतात. गायकाला मात्र आम्ही त्याच दिवशी पैसे देतो. गाणे पडले तरी ते परत मागत नाही. आमच्याकडे येणारे अनेक गायक स्वतःहून सांगतात की टक्केवारीचा हिशेब नको, आजचे काय ते आज द्या. गणपती आणि जत्रांचे चार महिने सोडले तर कार्यक्रमाची सुपारी नसते, अशा माणसाला आजचे पाच हजार रुपये पुढच्या वर्षीच्या टक्केवारीपेक्षा मोलाचे वाटतात, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. एकरकमी व्यवहार म्हणजे लूटच, असे सरसकट म्हणणे आम्हाला मान्य नाही.

वारणाकाठ :

विटा_स्टुडिओ, आपण मोकळेपणाने लिहिलेत याबद्दल आभार. धोका आपण पत्करता हे मला पूर्ण मान्य आहे आणि धोका पत्करणाऱ्याचा खर्च आधी वसूल व्हावा, हेही योग्यच आहे. माझा आक्षेप खर्च वसूल झाल्यानंतरच्या काळाबद्दल आहे. जे एक गाणे चालते, ते ज्याच्या गळ्यामुळे चालते त्यालाच त्या चालण्याचा लाभ होत नाही, आणि न चाललेल्या बाकीच्या गाण्यांचा तोटा त्याच्याच गाण्यातून भरून निघतो. आजचे पाच हजार अवश्य द्यावेत, पण ते आगाऊ रक्कम म्हणून द्यावेत. खर्चाचा आकडा करारात लिहावा, तो वसूल झाला की पुढच्या उत्पन्नात ठरलेला वाटा द्यावा आणि दर सहा महिन्यांनी चॅनेलचा उत्पन्नाचा अहवाल त्या गाण्यापुरता दाखवावा. गाणे पडले तर आपण त्याच्याकडून काही मागायचे नाही, ही आजची पद्धत तशीच राहील. यात आपले नुकसान कोठे होते, ते कृपया दाखवून द्यावे.

विटा_स्टुडिओ :

नुकसान होत नाही, हिशेबाचे काम वाढते. एका गाण्यात दोन गायक, गीतकार, संगीतकार आणि आठ वादक असतील, तर सहामाही शेदीडशे रुपये बारा जणांत वाटत बसण्याचा खर्चच जास्त होईल. रक्कम ठरावीक मर्यादेपर्यंत साठली की वाटायची, अशी मुभा असेल तर मी करून पाहायला तयार आहे. गाणी ॲपवर पोहोचवणाऱ्या वितरक कंपन्यादेखील किमान रक्कम साठल्याशिवाय पैसे काढू देत नाहीत.

सनद :

मी सांगलीत वकिली करतो. चर्चा इच्छेवर आणि चांगुलपणावर चालली आहे, म्हणून कायद्याने आधीच काय दिले आहे ते सांगतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या प्रकरणात निर्णय दिला की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी करून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक निर्माताच ठरतो. त्यानंतर पस्तीस वर्षे गीतकार आणि संगीतकार जवळजवळ रिकाम्या हाताने राहिले. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा १९५७ चा आहे. त्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली आणि जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत केलेले प्रयत्न सर्वज्ञात आहेत. त्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये असे घातले की ध्वनिमुद्रणात समाविष्ट असलेल्या गीताचा किंवा संगीताचा कर्ता आपल्या रॉयल्टीचा समान वाटा कोणालाही देऊन टाकू शकत नाही आणि सोडूनही देऊ शकत नाही. अपवाद फक्त कायदेशीर वारस आणि प्रताधिकार संस्था यांचा. याविरुद्ध केलेला करार त्या मर्यादेपर्यंत निरर्थक ठरतो. म्हणजे वारणाकाठ यांनी सांगितलेल्या स्टॅम्पपेपरवर गीतकाराने ‘सर्व हक्क कायमचे सोडले’ असे लिहून दिले, तरी त्याचा रॉयल्टीचा हक्क त्यामुळे जात नाही.

कलम १९ त्याहून साधे आणि आपल्या कामाचे आहे. हक्क हस्तांतरणाचा करार लेखी आणि सहीचा हवा. त्यात मुदत लिहिलेली नसेल, तर ती ५ वर्षांची समजली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल, तर फक्त भारतापुरता समजला जातो. आमच्याकडे येणारे पुष्कळ जुने कागद इतके त्रोटक असतात की त्यात मुदतीचा उल्लेखच नसतो. अशा कागदाच्या आधारे वीस वर्षांनंतरही गाणे चालवले जात असेल, तर त्या कंपनीला साध्या नोटिशीने जाब विचारता येतो. कलम १८ मधली आणखी एक तरतूद अशी आहे की कराराच्या वेळी जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर तो करार त्या माध्यमाला लागू होत नाही. कॅसेटच्या काळातले करार घेऊन लोक या तरतुदीकडे मोठ्या आशेने पाहतात. मात्र ती २०१२ च्या दुरुस्तीने आलेली असल्यामुळे त्याआधीच्या करारांना ती आपोआप लागू होईल असे कोणीही गृहीत धरू नये.

गायक आणि वादक यांचे स्थान निराळे आहे. ते गीताचे कर्ते नसतात, म्हणून कलम १८ चा समान वाटा त्यांना मिळत नाही. त्यांच्यासाठी कलम ३८ पासून पुढे कलावंताचा हक्क आहे आणि तो ५० वर्षे टिकतो. कलम ३८ए मध्ये असे आहे की चित्रपटात आपले सादरीकरण वापरायला लेखी संमती दिली, तरी त्याच्या व्यापारी वापरासाठी कलावंत रॉयल्टीला पात्र राहतो. कायद्याच्या व्याख्येत दृश्य मुद्रण हे चित्रपटात मोडते, त्यामुळे चॅनेलसाठी केलेला व्हिडिओ याबाहेर राहत नाही.

आता हे पैसे प्रत्यक्षात गोळा कोण करते? गीतकार आणि संगीतकार यांच्यासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी आहे. ती १९६९ ची आणि नव्या कायद्याखाली २०१७ मध्ये पुन्हा नोंदली गेली. गायकांसाठी २०१३ मध्ये नोंदली गेलेली संस्था आज गायक आणि वादक अशा दोघांसाठी इस्रा या जुन्या नावाऐवजी इसाम्रा या नावाने काम करते. आपल्या जिल्ह्यातले किती जण या संस्थांचे सभासद आहेत, असे मी भेटेल त्या कलावंताला विचारतो आणि बहुतेकांनी संस्थेचे नावही ऐकलेले नसते. नोंदणी नसेल, तर जमा झालेला पैसा कोणाचा हे ओळखण्याचा मार्गच उरत नाही.

दर ठरवण्याच्या बाबतीत एक निकाल लक्षात ठेवावा. नभोवाणीला जसे वैधानिक परवान्याने ठरलेल्या दरात गाणी वापरता येतात, तसे इंटरनेटवरील सेवांना कलम ३१डी खाली वापरता येणार नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये टिप्स ही संगीत कंपनी आणि विंक हे संगीत ॲप यांच्या वादात ठरवले आणि २०२२ मध्ये खंडपीठाने ते कायम केले. त्यामुळे ॲपवरचा व्यवहार कंपनी आणि सेवा यांच्यातल्या वाटाघाटीने होतो. त्या वाटाघाटीत कलावंत नसतो. म्हणून त्याचा हक्क त्याच्या स्वतःच्या करारातच पक्का व्हायला हवा, या वारणाकाठ यांच्या मताशी मी सहमत आहे. नंतर वाद घालणे सोपे नाही. असे वाद ऐकणारे बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१ मध्ये बंद झाले आणि आता व्यापारी न्यायालयाची पायरी चढावी लागते.

माणदेशी :

सनद यांचे लेखन वाचून आटपाडीकडची एक व्यथा मांडतो, कारण आमच्याकडे गीताचा कर्ताच नसतो.

धनगरी ओव्या, गजी ढोलावरची गाणी, जात्यावरच्या ओव्या ही सर्वांची आहेत. आमच्या गावातल्या मंडळाने मंदिरासमोर गायलेल्या ओव्यांचा व्हिडिओ चढवला आणि काही दिवसांतच त्यावर एका ध्वनिमुद्रण कंपनीचा दावा आला. त्या कंपनीने तीच पारंपरिक ओवी दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेतली होती आणि यूट्यूबच्या कंटेंट आयडी या, जुळणारी गाणी आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत नोंदवली होती. यंत्रणेला चाल जुळलेली दिसली आणि मंडळाच्या व्हिडिओचे उत्पन्न कंपनीकडे वळले. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी त्या ओव्या रचल्या, त्यांच्याच गाण्यावर हा दावा होता. मंडळातल्या लोकांना वाटले की आपणच काही गुन्हा केला आहे, आता पोलीस येतील, म्हणून त्यांनी व्हिडिओ काढून टाकला. मला याचा आजही संताप येतो.

अशा वेळी काय करायचे, हे नंतर आम्ही शिकून घेतले, ते इतरांसाठी लिहितो. दावा म्हणजे गुन्हा नव्हे. त्यावर हरकत नोंदवता येते आणि दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. त्याने उत्तर दिले नाही तर दावा आपोआप उठतो. दावा आल्यापासून ५ दिवसांच्या आत हरकत घेतली, तर पहिल्या दिवसापासूनचे उत्पन्न निकाल लागेपर्यंत बाजूला ठेवले जाते, ते कोणालाच मिळत नाही. हरकतीत स्पष्ट लिहावे की रचना पारंपरिक आहे आणि सादरीकरण व ध्वनिमुद्रण आमचे स्वतःचे आहे.

लावणीकार पठ्ठे बापूराव आपल्याच वाळवा तालुक्यातल्या रेठऱ्याचे. ते १९४५ मध्ये गेले. कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतात या हिशेबाने त्यांच्या रचना २००५ च्या अखेरीस सर्वांसाठी खुल्या झाल्या. त्या लावण्या गाणाऱ्या मुलींनाही असे दावे येतात का, हे कोणाला ठाऊक असल्यास लिहावे.

सनद :

माणदेशी, दावा येऊ शकतो, पण टिकत नाही. मुदत संपलेल्या किंवा पारंपरिक रचनेवर कोणाची मालकी नसते. त्या कंपनीची मालकी फक्त तिने केलेल्या ध्वनिमुद्रणापुरती आणि नव्याने घातलेल्या संगीत संयोजनापुरती असते. याची दुसरी बाजूही सांगतो. आपल्या मंडळाने पारंपरिक चालीवर स्वतःची नवी कडवी बांधली असतील, तर त्या कडव्यांचे हक्क बांधणाऱ्याचे आहेत. माडगुळ्याच्या गदिमांचे निधन १९७७ मध्ये झाले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ च्या अखेरीपर्यंत राहील. ओवी बांधणाऱ्या शेतकरी बाईच्या शब्दांना कायदा नेमके तेवढेच संरक्षण देतो. ती कडवी कोणी आणि कधी बांधली, हे मंडळाच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावे.

विश्रामबाग_श्रोता :

मी कलावंत नाही, नियमित वर्गणी भरणारा श्रोता आहे. स्पॉटिफाय २०१९ मध्ये भारतात आले तेव्हापासून मी पैसे भरून ऐकतो. तेव्हा वर्गणी महिना ११९ रुपये होती. धागा वाचून असे वाटू लागले आहे की माझी वर्गणी माझ्या आवडत्या कलावंताला पोहोचतच नाही. मग श्रोत्याने करावे तरी काय? फुकट ऐकणाऱ्यांपेक्षा माझ्या वर्गणीचा थोडा तरी उपयोग होतो की नाही?

तंतुवाद्य :

उपयोग निश्चित होतो. जाहिरातींवर चालणाऱ्या फुकट सेवेतून हक्कधारकांसाठी जे निघते, ते वर्गणीच्या तुलनेत फारच थोडे असते, म्हणून वर्गणी सोडू नये. परंतु ज्या कलावंताबद्दल आपल्याला विशेष आस्था आहे, त्याच्यासाठी वेगळा मार्ग ठेवावा. बँडकॅम्पवर कलावंत स्वतः ध्वनिमुद्रण विकू शकतो. तेथे सेवा साधारण १५ टक्के कापते आणि पैसे देवघेवीच्या शुल्काखेरीज उरलेली रक्कम त्याच्या हाती जाते. एका श्रोत्याने १५० रुपयांना एक मैफल विकत घेतली, तर त्या गायकाला जे मिळते ते ॲपवर हजारो वेळा ऐकले जाऊनही मिळत नाही. आणि सभेला तिकीट काढून जावे. मिरजेत, औंधला, साताऱ्यात चांगल्या सभा होतात.

वारणाकाठ :

माणदेशी यांच्या मंडळात कडव्यांची अशी वही ठेवतात का, हे त्यांनी लिहिले असते तर बरे झाले असते. अशी वही ठेवणारे मंडळ माझ्या पाहण्यात नाही आणि सनद यांची सूचना मी माझ्या मंडळांपासून सुरू करणार आहे. ध्वनिमुद्रणाच्या दिवशीच एक कागद भरायचा, त्यावर गीतकार, संगीतकार, गायक, प्रत्येक वादक आणि कोरसमधल्या प्रत्येक बाईचे पूर्ण नाव, झालेला खर्च, दिलेली आगाऊ रक्कम आणि कराराची मुदत लिहायची, सर्वांच्या सह्या घ्यायच्या आणि प्रत्येकाने मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवायचा. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला जो १२ अक्षरांकांचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक मिळतो, तो गाणे चढवल्यावर त्याच कागदावर नोंदवायचा, म्हणजे पुढे कोणत्याही सेवेवर ते गाणे शोधता येईल. विटा_स्टुडिओ, किमान रक्कम साठल्यावर वाटप करण्याची आपली अट मला रास्त वाटते. मर्यादा किती असावी ते आपणच सुचवावे.

सनद यांना एक प्रश्न आहे. आमच्याकडे वादक एका दिवसाच्या बोलीवर येतात आणि कोरसमधल्या बायका तर बहुतेक वेळा चहा-नाश्त्यावर गातात. त्यांनी सही केली, तर त्यांचा हक्क जातो की राहतो? काही जण सही करायला याच भीतीने नकार देतात.

सनद :

कागदावर काय लिहिले आहे त्यावर ते अवलंबून आहे. ‘या ध्वनिमुद्रणात मी अमुक वाद्य वाजवले’ किंवा ‘कोरसमध्ये गायले’ एवढीच नोंद असेल, तर सहीने कोणताही हक्क जात नाही. उलट कायद्याच्या अर्थाने त्या कलावंत आहेत याचा तो पुरावा होतो, कारण कायद्यातल्या कलावंताच्या व्याख्येत गायक आणि वादक दोघेही आहेत, मानधन घेतले की चहा घेतला याला तेथे महत्त्व नाही. आपले नाव लावले जावे हा हक्कदेखील कलम ३८बी ने त्यांना स्वतंत्रपणे दिलेला आहे. ‘माझे सर्व हक्क सोडून देत आहे’ असे वाक्य त्या कागदात असेल, तर सही करू नये. विटा_स्टुडिओ यांनी आपला सध्याचा नमुना येथे दिला, तर त्यातली अशी वाक्ये मी काढून देतो आणि मुदत ५ वर्षांची घालून नवा मसुदा याच धाग्यावर टाकतो.

विटा_स्टुडिओ :

नमुना उद्या देतो. वाटपाची मर्यादा माणशी ५०० रुपये ठेवावी असे सुचवतो. दोन वर्षांत तेवढे साठले नाहीत, तर जे असेल ते देऊन टाकू. कोरसची नावे व्हिडिओखालच्या वर्णनात घालायला मात्र काहीच अडचण नाही, ती जुन्या गाण्यांवरही घालता येतील. ज्यांना आपली नावे ठाऊक असतील, त्यांनी गाण्याच्या दुव्यासह कळवावीत.